विलगीकरणानंतरचे बंदर

झाशी आणि समुद्र यांचा संबंध प्रथमदर्शनी ओढूनताणून जोडल्यासारखा वाटेल. बेतवा आणि पहूज या नद्यांच्या आधाराने वसलेल्या या खडकाळ मुलखात १७४२ मध्ये नारोशंकराने मराठ्यांचा अंमल बसविला, आणि तेव्हापासून जी मराठी घराणी येथे नांदत आली त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्मृतीत किल्ला आहे, गणेशमंदिर आहे, वेढा आणि कत्तल आहे, परंतु बंदर नाही. तथापि १ जून १९१२ रोजी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून जी पंजाब मेल प्रथम सुटली, ती विलायतेहून आगबोटीने आलेल्या अंमलदारांना धक्क्यावरूनच घेऊन थेट उत्तरेकडे पोहोचविण्यासाठी काढलेली होती, आणि तिच्या वाटेवर झाशी होते. समुद्रावरून आलेला माणूस, त्याचे सामान आणि त्याच्याबरोबर येणारी बरीवाईट वार्ता या शहराच्या फलाटावर त्या काळापासून उतरत आली आहे. तीच गाडी आजही मुंबईहून फिरोजपूरला जाताना येथे थांबते, आणि आता येथील मराठी कुटुंबांतील निवृत्त माणसे व नवी कमावती पिढी उलट दिशेने मुंबईला जाऊन पर्यटनजहाजावर चढू लागली आहेत.

अशा सफरीत मनुष्य आजारी पडला म्हणजे त्याची काय अवस्था होते, याची कल्पना घरबसल्या येत नाही. जहाजावरील दवाखान्यात तपासणी होते, डॉक्टर खोलीबाहेर पाऊल न टाकण्याचा हुकूम देतात, जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवून नोकर निघून जातो, आणि ज्या बंदरांसाठी वर्षानुवर्षे पैसा साठविला ती बंदरे न पाहताच मागे पडतात. मग एके दिवशी मुदत संपते, डॉक्टर मोकळीक देतात, आणि जहाज नव्या धक्क्याला लागते. त्या माणसाने खाली उतरावे काय, उतरल्यास कोणत्या मनाने उतरावे, आणि त्या गावच्या लोकांनी त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न वरवर सहलीचा वाटला तरी त्याच्यामागे सहा शतकांचा इतिहास आणि राष्ट्राराष्ट्रांचे करारमदार उभे आहेत. माझे मत आरंभीच नमूद करतो. प्रामाणिकपणे पाळलेल्या विलगीकरणानंतर बंदरात उतरून आनंद घेणे हा आजारातून उठलेल्या माणसाचा न्याय्य अधिकार आहे. आणि तो पैसे मोजून आलेल्या प्रवाशाचा जितका आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच जहाजावर राबणाऱ्या खलाशाचा आहे.

रोगाच्या भीतीने जहाज अडविण्याची पद्धत युरोपात प्लेगच्या काळात रूढ झाली. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा नगराने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ मध्ये रोगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना ३० दिवस नगराबाहेर ठेवण्याचा निर्बंध केला. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर कायमचे रुग्णालय उभारले. पुढे प्रत्येक बंदराने आपापला जाबता ठरविला, आणि त्यांत इतकी विसंगती माजली की १८५१ मध्ये पॅरिस येथे बारा राष्ट्रांना एकत्र बसून काही समान शिरस्ता निर्माण करण्याचा प्रयत्न करावा लागला. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर मुंबई आणि युरोप यांतील अंतर घटले, आणि पटकीचे भय त्याच प्रमाणात वाढले. या भयाचा भार कोणावर पडला हे पाहण्यासारखे आहे. हजच्या यात्रेकरूंची जहाजे १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर थांबवून माणसे, कपडे, अंथरुणे यांची शुद्धी करण्याचा बंदोबस्त तुर्की सरकारने केला, आणि मुंबईहून निघालेल्या हजारो गरीब यात्रेकरूंनी मक्केच्या आधी ते उघडे, तापलेले बेट पाहिले.

मॉरिशसची कथा याहून करुण आहे आणि मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून जे लोक त्या बेटावर नेले गेले त्यांत मुंबई बंदरातून चढलेले कोकणातील आणि घाटावरील मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज तेथे आजही आपली मराठी ओळख जपून आहेत. पोर्ट लुईच्या ज्या पायऱ्यांवरून हे मजूर चढले तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झाला. पण जहाजावर आजार आढळला की त्या पायऱ्यांपूर्वी फ्लॅट बेट, गॅब्रिएल बेट किंवा कॅनोनिएर भूशिरावरील छावणी वाट्याला येत असे. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ आणि ‘फत्तेमुबारक’ या दोन जहाजांवरील मजुरांना पटकीच्या संशयावरून गॅब्रिएल बेटावर उतरविण्यात आले आणि निवारा, पाणी व औषध यांच्या अभावी त्यांतील शेकडो तेथेच मरण पावले. विलगीकरण हे शास्त्र असले तरी अन्नपाण्याची तजवीज न करता ते लादले म्हणजे त्याची शिक्षा होते, हे त्या बेटाने दाखविले. ज्यांनी त्या छावण्यांतून जिवंत निघून पोर्ट लुईला पाऊल टाकले त्यांचा तो दिवस कसा असेल याची नोंद कोणा मराठी मजुराने लिहून ठेवलेली माझ्या वाचनात नाही. त्यांना त्या दिवशी ऊसमळ्याकडे चालत जायचे होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि जगातील सर्व बंदरांनी मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेर ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ ही दोन जहाजे सुमारे आठशे हिंदी प्रवासी घेऊन मुंबईहून निघाली. ‘कुरलँड’वर मोहनदास करमचंद गांधी हे तरुण बॅरिस्टर पत्नी, दोन मुले आणि भाचा यांच्यासह होते. डिसेंबरच्या मध्यानंतर जहाजे डर्बनला पोहोचली तेव्हा विलगीकरणाचे पिवळे निशाण चढले. प्लेगचे जंतू २३ दिवस जिवंत राहू शकतात या समजुतीने, मुंबई सोडल्यापासून तितके दिवस पुरे होईपर्यंत कोणी उतरू नये असे डॉक्टरांनी फर्मावले. ती मुदत संपल्यावरही उतरण्यास मज्जाव चालूच राहिला, कारण खरा आक्षेप प्लेगला नव्हता, हिंदी माणसाच्या आगमनाला होता. किनाऱ्यावर गोऱ्या रहिवाशांच्या सभा भरत होत्या, परत जा अशा धमक्या येत होत्या, आणि जहाजावर गांधीजी सहप्रवाशांचे मन रमविण्यासाठी खेळांची योजना करीत होते. नाताळच्या दिवशी कप्तानाने त्यांना भोजनास बोलाविले आणि त्या मेजवानीत त्यांनी पाश्चात्त्य संस्कृती बळावर अधिष्ठित आहे असे भाषणही केले. १३ जानेवारी १८९७ रोजी उतरण्याची परवानगी मिळाली. त्या दिवशी त्यांच्यावर दगड, विटा आणि सडकी अंडी यांचा वर्षाव झाला, आणि पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांच्या पत्नी आपली छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या म्हणूनच ते वाचले.

बंदरात उतरण्याच्या इतिहासात या प्रसंगाला मी फार मोठे स्थान देतो. विलगीकरण पुरे झाले, एकही रुग्ण आढळला नाही, वैद्यकाने दाखला दिला, आणि तरीही समाजाने दार उघडले नाही. रोगाची मुदत संपते, पण भीतीला आणि द्वेषाला डॉक्टर मुदत घालू शकत नाही; म्हणून मोकळीक मिळालेल्या माणसाला निर्भयपणे चालू देण्याची जबाबदारी त्या गावच्या कारभाऱ्यांवर येते. त्याच प्लेगच्या छायेत १८९९ मध्ये स्वामी विवेकानंद ‘गोलकोंडा’ जहाजाने युरोपास निघाले असता सुएझला हिंदुस्थानातून आलेल्या जहाजाचा स्पर्श मिसरच्या हमालांना होऊ नये म्हणून खलाशांनाच माल उतरवावा लागला. प्रवाशांना उतरण्याची सोय नव्हती; पण त्या सक्तीच्या मुक्कामात पाण्यात दिसलेल्या शार्क माशाच्या शिकारीचे जे रसभरित वर्णन त्यांनी आपल्या बंगाली प्रवासलेखनात केले, ते वाचताना अडकलेल्या माणसाचे मनही कुतूहलाने मुक्त राहू शकते अशी खात्री पटते.

येथे आपल्याच समाजाने घातलेल्या विलगीकरणाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण तो वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. रघुनाथरावाने आपली कैफियत मांडण्यासाठी १७८१ मध्ये हनुमंतराव नावाच्या ब्राह्मणास इंग्लंडला पाठविले. तेथे एडमंड बर्क याने त्यांच्या सोवळ्या स्वयंपाकासाठी आपल्या घराची काचगृहाची जागा देऊ केली. आणि परत आल्यावर त्यांना सोन्याच्या योनीतून बाहेर पडण्याचे प्रायश्चित्त घ्यावे लागले, असे तत्कालीन इंग्रज लेखकांनी नोंदविले आहे. पुढील शंभर वर्षेही समुद्रगमन केलेल्या माणसाला जातीत घेण्यावरून आपल्याकडे वाद माजत राहिले. परक्या गावातील आजारी नसलेल्या माणसाला आजारी ठरविणारी दृष्टी आपण डर्बनकरांमध्ये पाहतो, तिचे एक रूप आपल्या घरातही होते. १८८६ च्या नोव्हेंबरात क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेहून मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या. त्यांच्या समुद्रगमनाला विरोध करणारा समाज तोवर बराच निवळला होता आणि त्यांचे स्वागत झाले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. बंदरात उतरण्याचा आनंद उपभोगण्याइतके आयुष्य सर्वांनाच लाभत नाही.

विसाव्या शतकात लसी आणि प्रतिजैविके आली, निर्बंध सैल झाले, आणि राष्ट्रांमधील व्यवहारही सुसूत्र झाला. भारतात १९५५ चे बंदर आरोग्य नियम झाले. मुंबईसारख्या बंदरांत आरोग्य अधिकाऱ्याच्या समाधानाशिवाय जहाजाला किनाऱ्याशी मुक्त व्यवहार करता येत नाही, आणि कप्तानाला जहाजावरील प्रत्येक संशयास्पद आजाराचे लेखी निवेदन रुजू करावे लागते. जून २००७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांच्या २८व्या कलमाने तर असे तत्त्वच घालून दिले की केवळ आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात येण्यास मनाई करू नये. बंदराजवळ साधने नसतील तर जवळच्या योग्य बंदराकडे त्यास पाठवावे. कागदावर याहून समंजस व्यवस्था कल्पिणे कठीण आहे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये करोनाच्या साथीत त्या कागदाची परीक्षा झाली, आणि तीन जहाजांच्या तीन कथा आपल्यापुढे उभ्या राहिल्या.

पहिली ‘डायमंड प्रिन्सेस’ची. योकोहामाच्या बंदरात या जहाजावर ५ फेब्रुवारीपासून विलगीकरण सुरू झाले तेव्हा त्यावर ३,७११ माणसे होती, आणि अखेरीस त्यांतील ७१२ बाधित ठरली. प्रवासी खोल्यांत बंद होते. ज्यांच्या खोल्यांना खिडकी नव्हती त्यांना ठरावीक वेळी, तोंडाला पट्टी बांधून आणि एकमेकांपासून अंतर राखून, थोडा वेळ वरच्या डेकवर फिरण्याची मुभा मिळे. परंतु प्रवाशांना जेवण पोहोचविणारे, त्यांची भांडी धुणारे आणि रात्री दाटीच्या सामाईक खोल्यांत झोपणारे जे कर्मचारी होते त्यांचे विलगीकरण झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. त्या जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांपैकी १३२ कर्मचारी होते. २७ फेब्रुवारीला ११९ भारतीयांना आणि काही परदेशी नागरिकांना विमानाने दिल्लीस आणून मानेसर येथील लष्करी छावणीत पुन्हा मुदत काढावयास लावले. त्या माणसांना योकोहामा शहर पाहायला मिळाले नाही. त्यांचे बंदर मानेसर हेच होते.

दुसरी ‘वेस्टरडॅम’ची. १ फेब्रुवारीला हाँगकाँगहून निघालेल्या या जहाजाला, त्यावर कोणी रुग्ण असल्याचा पुरावा नसतानाही, तैवान, जपान, फिलिपिन्स, ग्वाम आणि थायलंड येथे आश्रय नाकारला गेला. अखेरीस १३ तारखेला कंबोडियाने सिहानुकविल बंदर उघडले. दुसऱ्या दिवशी तेथील पंतप्रधान स्वतः धक्क्यावर फुले घेऊन उभे राहिले, आणि काही प्रवाशांना नॉमपेन्ह शहराची सहलही घडविण्यात आली. बंदरात उतरण्याच्या आनंदाचे याहून मोठे चित्र त्या वर्षी जगाने पाहिले नाही. त्यानंतर एका प्रवासिनीची चाचणी मलेशियात बाधित निघाली आणि टीकेची झोड उठली, पण त्या बाईंना तो रोग झालाच नव्हता असे पुढे निष्पन्न झाले. त्या सरकारच्या राजकीय हेतूंविषयी कोणी काहीही म्हणो, दोन हजारांवर माणसांना समुद्रावर भटकत ठेवणे अमानुष होते आणि त्यांना जमीन देणे योग्य होते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

तिसरी ‘रुबी प्रिन्सेस’ची, आणि ती पहिल्या दोघींहून अधिक बोधप्रद आहे. १९ मार्चला सिडनीच्या बंदरात हे जहाज लागले तेव्हा त्यावर श्वसनाचे आजार असल्याच्या नोंदी होत्या. तरीही चाचण्यांचे निकाल येण्यापूर्वी सुमारे २,७०० प्रवाशांना शहरात सोडण्यात आले. त्या एका जहाजाशी सहाशेंहून अधिक बाधित आणि २८ मृत्यू जोडले गेले, आणि त्यावर खास चौकशी आयोग बसवावा लागला. ‘वेस्टरडॅम’ला दार बंद करणारे चुकले आणि ‘रुबी प्रिन्सेस’ला दार उघडणारेही चुकले. यांतून काही लोक असा निष्कर्ष काढतात की भीतीच अखेर बरोबर होती. मला तो मान्य नाही. दोन्ही ठिकाणी जे हरवले ते तपासणीचे धैर्य होते. आजाराची माहिती खरी आणि वेळेवर मिळाली असती तर एका बंदराला दार बंद करण्याचे कारण नव्हते आणि दुसऱ्याला घाईने उघडण्याचेही नव्हते.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रसंग जानेवारी २०२२ मध्ये आला. मुंबईहून गोव्यास निघालेल्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावर सुमारे दोन हजार माणसे होती; त्यांतील ६६ जण बाधित आढळले, आणि मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या जहाजावरून निरोगी ठरलेल्यांनाही उतरू न देता अखेर जहाज मुंबईकडे परत गेले. गोवा सरकारची अडचण खरी होती, नाताळ आणि नववर्षाच्या गर्दीनंतर तेथे रुग्णसंख्या झपाट्याने चढत होती; परंतु ज्या राज्याच्या घराघरांतून माणसे जगभरच्या जहाजांवर चाकरी करतात त्या राज्याकडून निरोगी प्रवाशासाठी एखादा सुरक्षित मार्ग निघावयास हवा होता, असे मला वाटते.

त्या चाकरीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. आगबोटीच्या काळापासून रत्नागिरीच्या पट्ट्यातील सारंग, टंडेल, खलाशी आणि आगवाले परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर चढत आले; गोव्याचे लोक बटलर, स्वयंपाकी आणि वाजंत्री म्हणून गेले, आणि जहाज मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे सामाईक वसतिगृहांत, राहिले. या माणसांच्या आयुष्यात बंदर म्हणजे काही तासांची सुट्टी, घरी करावयाचा एक फोन, एखादे देऊळ किंवा चर्च, आणि पायाखाली न हलणारी जमीन. समुद्री कामगारांच्या हक्कांविषयी २००६ चा जो आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ज्याला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली, त्यात खलाशाला आरोग्य व स्वास्थ्य यांसाठी किनाऱ्यावर उतरण्याची रजा मिळाली पाहिजे असे स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही २०२० मध्ये जगभर सुमारे चार लाख नाविक मुदत संपूनही जहाजांवर अडकले. एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ हे जहाज मुंबईबाहेर थांबून राहिले होते. त्यावर सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी होते. स्वतःच्या देशाचा किनारा दिसत असूनही उतरण्याचा हुकूम नव्हता, आणि केंद्र सरकारने त्यासाठी नवा शिरस्ता घालून दिल्यावर २३ तारखेला ते उतरले. प्रवासी आजारातून उठला की त्याला नुकसानभरपाईची, सवलतीची, पुढील सफरीच्या सुटीची भाषा ऐकू येते. खलाशी आजारातून उठला की त्याला कामाची पाळी ऐकू येते. या अन्यायाची दखल न घेता केलेला या प्रश्नाचा कोणताही आढावा अपुरा राहील.

समुद्र नसलेल्या झाशीलाही हाच प्रश्न मे २०२० मध्ये भेटला. मुंबई, पुणे, नाशिक येथून निघालेले हजारो मजूर मध्य प्रदेश ओलांडून रक्सा सीमेवर पोहोचले, आणि उत्तर प्रदेशाच्या त्या वेशीवर त्यांच्या ट्रकांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या रांगा अडवून ठेवण्यात आल्या. ती वेस म्हणजे झाशीचे बंदरच होते. कडक उन्हात, लेकरे कडेवर घेऊन, घर दिसण्याच्या अंतरावर येऊन थांबलेल्या त्या माणसांची तपासणी करणे आवश्यक होते. पण तपासणी आणि थोपवून धरणे यांतील भेद त्या दिवसांत पुष्कळदा पुसला गेला. शहरातील नागरिकांनी, त्यांत मराठी कुटुंबेही होती, पाणी आणि शिजविलेले अन्न नेऊन दिले. पुढे गावोगावी परतलेल्यांना चौदा दिवस वेगळे राहण्यास सांगण्यात आले, आणि ती मुदत पाळूनही काहींना आपल्याच गावात डर्बनची आठवण देणारी वागणूक मिळाली.

आता सर्वसाधारण काळाकडे वळू. कारण महामारी रोज येत नाही, आणि पर्यटनजहाजावर माणसाला खोलीत बसविणारा नेहमीचा आजार म्हणजे वांत्या आणि जुलाब यांचा, नोरोव्हायरसचा. १२ ते ४८ तासांत तो उमटतो, एक ते तीन दिवसांत बहुधा उतरतो, आणि दाट वस्तीत विलक्षण वेगाने पसरतो. अमेरिकेने १९७५ पासून जहाजांच्या स्वच्छतेची जी यंत्रणा चालविली आहे तिच्या नियमांत आजारी प्रवाशाने लक्षणे थांबल्यानंतर किमान २४ तास खोलीत राहावे आणि खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याने ४८ तास कामावर येऊ नये असे सांगितले आहे. हा विषाणू अल्कोहोलच्या द्रवाने नीट मरत नाही. त्याला साबण आणि वाहते पाणीच लागते. लक्षणे गेल्यानंतरही काही दिवस, कधी दोन आठवडेही, तो शरीरातून बाहेर पडत राहतो. म्हणून मोकळीक मिळालेल्या माणसाने बंदरात उतरल्यावर शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याचा नेम सोडू नये, आणि कोणाच्या हातात हाताने खाऊ देऊ नये. इतके पाळले की त्याने मनात कसलाही अपराधभाव न बाळगता जिना उतरावा.

आणि उतरून काय करावे? येथे माझा अनेक सहलवाल्यांशी मतभेद आहे. बुडालेल्या दोन बंदरांची भरपाई तिसऱ्यात करावी या हट्टाने माणसे दिवसभराच्या बसप्रवासाची तिकिटे काढतात आणि संध्याकाळी पुन्हा अंथरूण धरतात. वांत्या-जुलाबांनी शरीरातील पाणी आणि क्षार गेलेले असतात, खोलीत पडून पायांतील बळ उणावलेले असते, आणि त्यातच जमिनीवर पाऊल टाकताच जमीन हलते आहे असा भास होतो, कारण मेंदूने जहाजाच्या डोलण्याशी जुळवून घेतलेले असते. हा भास बहुतेकांचा काही तासांत किंवा एकदोन दिवसांत मावळतो. अशा शरीराला सावली, बसण्याची जागा, साखर-मीठ घातलेले पाणी आणि मऊ भात यांची गरज असते. मुंबईच्या धक्क्यावर उतरणाऱ्याने बॅलार्ड इस्टेटच्या कमानींखालून हळूहळू चालत हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसावे, समोर एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या पाहाव्यात, आणि जवळच १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमसचे चर्च पाहून परतावे. एवढ्या अर्ध्या मैलात इंग्रजी व्यापाराची दोनशे वर्षे उभी आहेत. मुरगावला उतरणाऱ्याने उत्तर गोव्याच्या गर्दीकडे धावू नये. वास्कोच्या बाजारातून चालून एखाद्या खानावळीत साधे जेवण घ्यावे आणि किनाऱ्यावर वाऱ्याला बसावे. जहाजाच्या घड्याळातील वेळ आणि गावची वेळ परदेशी बंदरांत निराळी असू शकते हे ध्यानात ठेवून, सुटण्याच्या पुष्कळ आधी परतावे, कारण जहाज उशीर झालेल्या प्रवाशासाठी सहसा थांबत नाही.

आजारातून उठलेल्या माणसाची इंद्रिये काही दिवस विलक्षण ताजी असतात हा अनुभव कोणत्याही घरात तापातून उठलेल्याने घेतलेला असेल. पहिला लिंबाचा वास, पहिल्या भाताची वाफ, अंगणातले ऊन यांची गोडी त्या दिवसांत काही वेगळीच असते. चार भिंतींच्या आत बंदरे मोजत बसलेल्या माणसाला धक्क्यावरच्या दोरांचा, माशांचा आणि डांबराचा वाससुद्धा आनंद देतो, आणि तो आनंद कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाच्या यादीत नसतो. म्हणून अशा माणसाला थोडेच पाहावयास मिळाले तरी पुष्कळ मिळते, अशी माझी धारणा आहे.

या सर्व व्यवहाराचा पाया मात्र एकाच गोष्टीवर आहे, आणि ती म्हणजे आजार न लपविणे. प्रवासी आजार का लपवितो याची कारणे उघड आहेत: सफर बुडेल, पैसे बुडतील, बरोबरच्या माणसांचा विरस होईल, आणि जहाजावरील औषधोपचाराचे बिल डोळे पांढरे करील. कर्मचारी आजार का लपवितो याचे कारण याहून कठोर आहे: पगार आणि पुढचा करार. या भीती कायम ठेवून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. आजारपण कळविणाऱ्या प्रवाशाला बुडालेल्या बंदरांचे पैसे परत मिळाले, विलगीकरणातील कर्मचाऱ्याचा पगार चालू राहिला आणि त्याच्या किनाऱ्यावरील रजेचा हिशेब बरा झाल्यावर भरून दिला गेला, तर कोणत्याही बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याला जहाजाच्या निवेदनावर विश्वास ठेवता येईल, आणि किनाऱ्यावरील माणसालाही उतरणाऱ्या परक्याकडे निर्भयपणे पाहता येईल. काही कंपन्यांनी यांतील काही सवलती सुरू केल्या आहेत. त्या सर्वांवर बंधनकारक व्हावयास हव्यात.

झाशीहून मुंबईच्या धक्क्याकडे निघणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना म्हणून एवढीच विनंती आहे. तिकीट काढण्यापूर्वी आजारपणात पैसे परत मिळण्याची अट वाचा आणि समुद्रावरील उपचार भरून देणारा विमा घ्या. जहाजावर पहिली वांती झाली की ती दुसऱ्या कोणाला होण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, सांगितलेली मुदत पुरी काढा, आणि मग खुशाल उतरा. परत आल्यावर आपली खोली झाडणाऱ्या माणसाला या सफरीत किनाऱ्यावर जाण्याची रजा मिळाली काय, हे विचारा. मिळाली नसेल तर घरी पोहोचताच कंपनीला आणि मुंबईतील नौवहन महासंचालनालयाला त्याचे नाव न घालता तसे लिहून कळवा.